स्टाव्हांगरचं तेल संग्रहालय बघण्यासारखं आहे का? बेळगावहून जायलोय

उद्यमबागवाला

नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटी आम्ही दोघं लेकीकडं जायलोय. जावई नॉर्वेत स्टाव्हांगरला असतात, नातू सात वर्षांचा. जावयांनी बघायच्या जागांची यादी पाठवली आहे. त्यात डोंगराचा कडा आहे, जुनं गाव आहे, बोटीची फेरी आहे आणि एक तेल संग्रहालय आहे. म्हणजे समुद्राच्या तळातून तेल आणि वायू कसा काढतात त्याचं म्युझियम. यादी ऐकून सौ. म्हणाली, "एवढं लांब जाऊन तेलाचं काय बघायचं? घाणा शहापुरात बघितलाय की."

मला मात्र नेमकं तेच बघायचं आहे. उद्यमबागेत माझं लहान मशिन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या व्हॉल्व्ह बॉडी आणि फ्लँज, म्हणजे पाइप एकमेकांना जोडायच्या चकत्या, आमच्याकडं मशिनिंगला येतात. फेस मारायचा, ड्रिलिंग करायचं, गेज लावून बघायचं, गंजू नये म्हणून तेल फासून पाठवून द्यायचं. चलन पुण्याच्या पार्टीच्या नावाचं. तिथून पुढं माल कुठं बसतो हे कुणी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. पण अधूनमधून एखाद्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'ऑफशोअर' लिहिलेलं असतं आणि त्या लॉटला इन्स्पेक्शनवाला नाकात दम आणतो. सीलिंग फेसवर नखाला लागेल न लागेल अशी रेघ दिसली तरी पीस बाजूला. पोरं वैतागतात, म्हणतात, "मालक, पाण्यातच बसणार आहे ना, कोण बघतंय?" ते पाण्यात काय असतं ते एकदा डोळ्यानं बघावं म्हणतो.

तर विचारायचं ते असं. अर्धा दिवस पुरतो का? पाट्या इंग्रजीत आहेत का नुसत्या त्यांच्या भाषेत? सात वर्षांचं पोर कंटाळेल का? आणि नुसती कंपन्यांची जाहिरात असेल तर तेही सांगा, मग मी बोटीची फेरी करतो. जाऊन आलेलं कुणी असेल तर बरं होईल.

शहापूरची लेक, आता पुण्यात

आम्ही बघितलंय की! मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती, अजिबात कंटाळली नाही. उलट आम्हालाच बाहेर काढता काढता नाकी नऊ आले.

जागा अगदी बंदरावर आहे. गावाच्या मधल्या चौकातून चालत जाता येतं, टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. अर्धी इमारत दगडी आणि पुढं पाण्यात आलेले मोठे गोल पोलादी भाग, तेलाच्या प्लॅटफॉर्मची आठवण यावी अशीच बांधलीय. उघडलं ते १९९९ मध्ये. पाट्या इंग्रजीतही आहेत. मुलांसाठी हात लावून बघायच्या गोष्टी भरपूर. प्लॅटफॉर्मवरून जीव वाचवून खाली उतरायला नळीसारखी सोय असते, तसली एक तिथं आहे, मुलं त्यातून घसरत खाली येतात. आमची किती वेळा गेली त्याचा हिशेब नाही.

आणि बाहेर पडलात की लगेच घरी जाऊ नका. शेजारीच जिओपार्क म्हणून खेळायची जागा आहे. तेलधंद्यातलंच जुनं सामान, पाइप, बोया वगैरे वापरून २००८ मध्ये केलेली. तिकीट नाही. नातवाला तिथं सोडा आणि तुम्ही निवांत बसा. जूनमध्ये रात्री दहा-अकरापर्यंत उजेड असतो, घाई कसली?

काकूंना सांगा, जुन्या गावात पांढरी लाकडी घरं आहेत आणि मासे डब्यात भरायच्या जुन्या कारखान्याचंही म्युझियम आहे. तेल सापडायच्या आधी हे गाव सार्डिनच्या डब्यांवर जगत होतं. खाण्यापिण्याचं मात्र फार महाग. धपाटे आणि शेंगाचटणी डब्यात घेऊनच फिरा, लाजू नका.

कॅम्पातला

तेलवाल्यांच्या गावात तेलवाल्यांचं म्युझियम, त्यात काय असणार दुसरं? स्वतः इलेक्ट्रिक गाड्यांतून फिरायचं, तेल-गॅस जगाला विकायचा आणि वर त्याचं कौतुक मांडून ठेवायचं. काका, कडा बघा. तो तरी कुठल्या कंपनीनं बांधलेला नाही.

खानापूरकडचा वेल्डर (निवृत्त)

उद्यमबागवाले, तुम्ही जाच. अर्धा दिवस पुरेल, पण तो कुठं घालवायचा हे आधी ठरवून जा.

माझी ओळख एवढीच की मी बरीच वर्षं मुंबई हायवर ठेकेदाराच्या माणसांत वेल्डर होतो. जुहूवरून हेलिकॉप्टरनं जायचं, पाळी संपली की परत. आता गावाकडं भात आणि काजू. मुलगी स्टाव्हांगरच्या विद्यापीठात शिकायला होती तेव्हा तिनं तिकीट काढून दिलं म्हणून जाऊन आलो.

सुरुवातीला तेल कसं तयार झालं, कोट्यवधी वर्षं, चिखल, शेवाळं, दाब, तो भाग असतो. नातवाला दाखवा, तुम्ही पुढं चला. प्लॅटफॉर्मची मॉडेलं मात्र बघा, सुंदर केलीत. त्यांच्याकडं ट्रोल ए म्हणून काँक्रीटचा प्लॅटफॉर्म आहे, तळापासून टोकापर्यंत ४७२ मीटर, त्यातले तीनशे मीटर पाण्याखाली. किनाऱ्याला ओतून, उभाच्या उभा ओढत नेऊन १९९५ मध्ये समुद्रात बसवला. आपल्या मुंबई हायला पाणी पाऊणशे मीटरच्या आसपास, म्हणून आपल्याकडं पोलादी सांगाड्याचे जॅकेट प्लॅटफॉर्म चालतात. दोन्ही शेजारी शेजारी डोक्यात ठेवून बघितलं की पुष्कळ कळतं. ड्रिल बिट ठेवलेत, त्यांचे दात निरखून बघा. मशिनवाल्या माणसाला तिथून हलावंसं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. तिथं अलेक्झांडर किएलँड या रिगची माहिती आहे आणि तिच्या तुटलेल्या ब्रेसचा, म्हणजे पायाला जोडणाऱ्या पोलादी नळीचा, तुकडा ठेवला आहे. तुम्ही त्यासाठी जा. बाकी सगळं राहिलं तरी चालेल.

ही पाच पायांवर तरंगणारी रिग. ड्रिलिंगसाठी बांधलेली, पण एकोफिस्क तेलक्षेत्राजवळ कामगारांना राहायला वापरत होते. २७ मार्च १९८०, संध्याकाळचे साडेसहा. वारा, धुकं, मोठ्या लाटा. ड्यूटी संपलेली माणसं जेवणाच्या हॉलमध्ये आणि सिनेमाच्या खोलीत. मोठा आवाज झाला, रिग तीस अंशांहून जास्त कलली आणि तशीच अडकून राहिली. सहा नांगरदोरांपैकी पाच तुटलेले, एकावर सगळा भार. वीसेक मिनिटांनी तोही तुटला आणि रिग पालथी झाली. २१२ जण होते, १२३ गेले. मार्चमधला उत्तर समुद्र, पाणी बर्फाचं, आणि बहुतेकांना गार पाण्यात जीव वाचवणारा सूट अंगावर चढवायलाही वेळ मिळाला नाही. लाइफबोटी होत्या की. पण त्यांचे हूक असे की दोरावर भार असेपर्यंत सुटायचेच नाहीत, आणि वादळात भार हटणार कसा? चार बोटी खाली सोडल्या, त्यांतली एकच नीट सुटली.

आणि हे सगळं कशामुळं, तर एका ६ मिलिमीटरच्या फिलेट वेल्डमुळं, म्हणजे दोन तुकड्यांच्या कोपऱ्यात मारलेल्या जोडामुळं.

पाच पायांपैकी जो पाय तुटला त्याला रिगशी जोडणारे आडवे-तिरके ब्रेस होते, जाड पोलादी नळ्या. त्यांतल्या डी-६ नावाच्या ब्रेसला भोक पाडून त्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र, बसवायचा आधार वेल्ड केला होता. रिगचा भार त्या आधारावर काडीचा नाही. म्हणून तो स्ट्रक्चरचा भाग धरलाच नाही, फिटिंग धरलं. फिटिंगच्या वेल्डला कोण बघणार? वेल्डचा आकार बरोबर नव्हता, कडेला ताण साठत गेला, आधाराच्या प्लेटचं पोलादही आतून थरांत फाटलेलं. लाटा आल्या-गेल्या की ब्रेस जरासा वाकतो, जरासा सरळ होतो. तार दोन्हीकडं वाकवत राहिलं की तुटते, तसली ती भेग. वाढत वाढत ब्रेसभर फिरली. एक ब्रेस गेला, त्याचा भार उरलेल्यांवर आला, ते गेले, मग पायच निखळला.

चौकशीत त्या भेगेच्या आत रंग सापडला. म्हणजे फ्रान्समधल्या यार्डात रिग रंगवली तेव्हाच भेग तिथं होती. रंगाऱ्यानं ब्रश फिरवला, रंग आत झिरपला, वरून सगळं चकचकीत. समुद्रात जायच्या आधीच ती भेग झाकून टाकलेली होती.

मी त्या तुकड्यापुढं किती वेळ उभा होतो ते मुलीला विचारा. ती कंटाळून खाली कॉफी प्यायला गेली. पाट्या वाचायला मी थांबलो नव्हतो. वेल्डरचा डोळा आपोआप जोडाच्या कडेला जातो. आयुष्यभर मी असले किती तरी ब्रॅकेट मारले असतील, केबल ट्रेचे, दिव्याचे, पाटीचे. फोरमन खालून ओरडायचा, "अरे टॅक मार आणि ये खाली, त्याला कुठं लोड आहे?" तसं म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याला पुढचं काम उरकायचं असतं.

म्हणून तुमच्या पोरांचं 'कोण बघतंय' वाचलं आणि एवढं लिहीत बसलो.

कॅम्पातल्या दादांना एकच सांगतो. जाहिरात म्हणाल तर आहे थोडी, कुठं नसते? पण ज्या वेल्डनं आपलीच माणसं बुडाली त्याचा तुकडा लोकांपुढं मांडून ठेवायला छाती लागते. आपल्याकडं २६ जुलै २००५ सगळ्यांना पाठ आहे, मुंबई बुडाली तो दिवस. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थवर काय झालं ते विचारा बघू चारचौघांत. एका जखमी स्वयंपाक्याला उपचारासाठी हलवायला मदतीचं जहाज प्लॅटफॉर्मला भिडलं, लाटेनं आपटलं, गॅसचा राइझर, म्हणजे समुद्रतळातून वर येणारा पाइप, फुटला आणि प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. २२ जण गेले, साडेतीनशेहून जास्त वाचवले. २०२१ मध्ये तौक्ते वादळात कामगारांना राहायची पी-३०५ ही तरंगती बार्ज बुडाली, त्यात सत्तरहून जास्त माणसं गेली, बरीचशी ठेकेदारांची. त्या बार्जवरच्या जोडाचा, नांगराचा तुकडा आपण कुठं ठेवलाय? ठेवला असता तर मी खानापूरहून आयटीआयच्या पोरांना गाडी करून घेऊन गेलो असतो.

एक तक्रार माझीही आहे. ड्रिलर, डायव्हर, इंजिनिअर तिथं ठळक दिसतात. भांडी घासणारा, रंग मारणारा, स्कॅफोल्डिंग बांधणारा माणूस मला फारसा दिसला नाही. प्लॅटफॉर्म त्यांच्यावरही चालतो.

कॅम्पातला

काका, तुमचं पटलं. तुकड्याचं मला माहीत नव्हतं. पण पैशाचं काय? ते तेल काढून त्यांचं गाव सुधारलं, आपल्या मुंबई हायच्या तेलानं, ते जिथं किनाऱ्याला येतं त्या उरणच्या कोळ्यांचं काय सुधारलं?

खानापूरकडचा वेल्डर (निवृत्त)

उरणवाल्यांनीच बोललेलं बरं, मी त्यांच्या वतीनं बोलत नाही. नॉर्वेचं मात्र जेवढं वाचलं तेवढं सांगतो. १९६९ पर्यंत त्यांच्या समुद्रात विहिरीमागून विहीर कोरडी जात होती, आणि त्या वर्षाच्या शेवटाला एकोफिस्क लागलं. त्यांनी १९७२ मध्ये सरकारी कंपनी काढली, तेल कंपन्यांच्या नफ्यावर आज सगळा मिळून ७८ टक्के कर घेतात, आणि १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या पैशाचा वेगळा फंड केला. त्यात पहिले पैसे पडले ते १९९६ मध्ये. हे सगळं शिकवायला त्यांच्याकडं सुरुवातीला माणसंही नव्हती. फारूक अल-कासिम म्हणून इराकी भूवैज्ञानिक मुलाच्या उपचारासाठी बायकोच्या देशात आले होते, त्यांनाच धरून कामाला लावलं आणि पुढं त्यांनी अर्धं धोरण बसवून दिलं.

आपलंही काही कमी नव्हतं. सागर सम्राट ही जपानमध्ये बांधलेली जॅकअप रिग, म्हणजे समुद्रतळाला पाय टेकून उभी राहणारी, तिनं फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायला तेल शोधलं, मे १९७६ ला उत्पादन चालू. दोन वर्षं आणि वर थोडे महिने! विश्वास बसत नसेल तर एक रुपयाची नोट उलटी करून बघा. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक ठेवता ना, त्या नोटेवर मागं सागर सम्राटच आहे. घरोघरी आहे, पण ओळखणारा विरळा.

निपाणीची, सध्या ॲबरडीन

वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलेय. मी इथं हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. उद्यमबागवाले काका, तुम्ही फ्लँजचं काम करता ना? मग जमलं तर एक चक्कर स्कॉटलंडलाही मारा. ॲबरडीनला शिपरो नावाच्या रस्त्यावर मेरीटाइम म्युझियम आहे, प्रवेश फुकट. मधल्या जागेत मर्चिसन प्लॅटफॉर्मचं साडेआठ मीटर उंच मॉडेल आहे, एकेका मजल्यावरून त्याचा एकेक भाग बघत वर जायचं. पाण्याखालचं सांगाड्याचं जंगल आधी, मग वर राहायच्या खोल्या, शेवटी हेलिडेक. माझ्या बाबांना, तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या माणसाला, तेवढं एक मॉडेल बघून सगळं कळलं.

पण तुम्हाला मुद्दाम सांगायचं ते पायपर अल्फाचं. ६ जुलै १९८८. हा प्लॅटफॉर्म इथून ईशान्येला समुद्रात होता. कंडेन्सेटचे, म्हणजे गॅसमधून निघणाऱ्या हलक्या तेलाचे, दोन पंप होते. एक दुरुस्तीसाठी बंद केलेला आणि त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नेलेला. व्हॉल्व्हच्या जागी उघड्या पाइपला ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड बंद करायची सपाट चकती, लावली होती. संध्याकाळी काम पुरं झालं नाही, उद्या बघू म्हणून ठेवलं. पंपाच्या दुरुस्तीचं परमिट, म्हणजे कामाचा परवानगीचा कागद, वेगळं, व्हॉल्व्हचं परमिट वेगळं. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांना पंपाचं परमिट दिसलं, ते काम अजून सुरूच झालं नव्हतं, म्हणून त्यांनी पहिला पंप चालू केला. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या फ्लँजमधून गॅस सुटला आणि स्फोट झाला. शेजारचे प्लॅटफॉर्म तेल ढकलतच राहिले, नंतर गॅसच्या मोठ्या लाइन फुटल्या. १६७ माणसं गेली, ६१ वाचली. पुष्कळ जण राहायच्या भागात, आता काय करायचं ते कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसले आणि धुरानं गेले. जे हुकूम न मिळता उड्या मारून गेले त्यांतले बरेच वाचले.

लॉर्ड कलन यांच्या चौकशीनं १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. आमच्या हॉस्पिटलातही पाळी बदलताना पेशंटची माहिती देण्याबद्दल शिकवतात तेव्हा हे उदाहरण काढतात. मी आधी समजले होते की तेलवाल्यांचं आपल्याला काय. हेझलहेड पार्कात गुलाबाच्या बागेत स्मारक आहे, तीन कामगारांचे ब्राँझचे पुतळे, खाली नावं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलात तर फुलं ठेवलेली दिसतील.

बाकी काका, इथं येताना कुंदा आणा हो, उपकार होतील.

विश्वेश्वरय्या रोड, सिव्हिल शिकवणारा

वेल्डर काकांनी स्टीलचं सांगितलं, मी काँक्रीटचं जोडतो. स्टाव्हांगरहून सँडनेस या शेजारच्या गावाकडं जाताना एक लांब खाडी लागते, गांडस्फ्योर्ड. जावयांना म्हणावं, गाडी जरा कडेला घ्या.

२३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइपनर ए या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया इथंच बुडाला. खाली चोवीस काँक्रीटच्या पोकळ टाक्या, त्यातून वर चार खांब. वरचा डेक बसवायच्या आधी पाणी भरून पाया खोल उतरवून बघत होते. एका टाकीच्या भिंतीला, जिथं दोन-तीन भिंती मिळून तिकोनी पोकळी होते तिथं, तडा गेला. पंपांना पाणी आवरेना. आतली माणसं बाहेर पडली, कुणी दगावलं नाही. पाया तळाला आपटला तो धक्का भूकंपमापकावर ३ नोंदला गेला.

कारण? कॉम्प्युटरवर हिशेब करताना भिंतीचे लहान लहान चौकटींत तुकडे पाडतात, त्याला जाळी म्हणतात; त्या कोपऱ्यात ती फार मोठ्या चौकटींची घेतली होती. तिथला शिअर, म्हणजे भिंत कातरू बघणारा जोर, ४७ टक्के कमी आला, म्हणून भिंत पातळ राहिली आणि सळीही अपुरी पडली. मी दरवर्षी मुलांना हे सांगतो. रंगीत चित्र स्क्रीनवर आलं की मुलांना वाटतं उत्तर आलं. हाताने एकदा ढोबळ हिशेब करून बघा म्हटलं की चेहरे पडतात. नवा पाया बांधून १९९३ मध्ये त्याच क्षेत्रातून वायू सुरू केला, म्हणजे दोन वर्षांत सावरले, हेही कौतुकाचं आहे.

एकोफिस्कचा समुद्रतळ खचला ती गोष्टही विचारून घ्या. खाली चुनखडीचा मऊ खडक, तेल उपसलं तसा तो दबत गेला आणि त्याबरोबर प्लॅटफॉर्म पाण्याकडं खाली येऊ लागले. १९८७ मध्ये जॅक लावून ते सहा मीटर वर उचलले. चालू कारखाना, पाय कापून, मध्ये तुकडा घालून वर उचलला असं समजा.

उद्यमबागवाला

मंडळी, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सौ.लाही वाचून दाखवलं. पायपर अल्फाचं ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, ब्लाइंड फ्लँज म्हणजे तुम्ही करता तीच का? म्हटलं, तीच, त्या जातीचीच. ॲबरडीनचं यंदा जमणार नाही ताई, पण कुंदा कुणाबरोबर तरी पाठवतो.

वेल्डर काका, एक शंका. भेगेत रंग सापडला म्हणता, तर रंगाआधी डीपी टेस्ट करून बघितली नसेल का? आमच्याकडं साध्या पिसालाही लाल रंग मारून, पुसून, पांढरी पावडर फवारून बघायला लावतात. भेग असली तर लाल रेघ उठतेच.

खानापूरकडचा वेल्डर (निवृत्त)

डीपीला वरपर्यंत आलेली भेग दिसते, आत दबलेली नाही. पण इथं खरी गोष्ट ती नव्हे. कुठल्या जोडाची तपासणी करायची हे आधी कागदावर ठरतं. मोठा भार घेणारे जोड यादीत असतात, त्यांचं एक्स-रे, अल्ट्रासॉनिक सगळं होतं. हायड्रोफोनचा आधार फिटिंगच्या खात्यात गेला की त्याला ती शिस्त लागत नाही. ज्या ब्रेसवर तो बसवला तो मात्र रिगचा सगळ्यात महत्त्वाचा. म्हणजे काय जोडलं त्यापेक्षा कशावर जोडलं ते बघायला हवं होतं.

दुसरं, रिगची रचनाच अशी की एक ब्रेस गेला तर बाकीच्यांना तो भार पेलवेना. त्यानंतर नॉर्वेत नियम बदलले. एक अवयव तुटला तरी बाकीचं तग धरलं पाहिजे असं डिझाइन मागू लागले. लाइफबोटीचे हूक भार असतानाही सोडता यावेत हेही त्यानंतरच आलं.

तुमच्या फ्लँजच्या बाबतीत सांगायचं तर सीलिंग फेसवरची ती रेघ इन्स्पेक्टर बघतोच. पण मागच्या बाजूला कास्टिंगचा नंबर पंच करताना किंवा ग्राइंडर फिरवताना पोरं कोपऱ्यात खाच पाडतात, तिथं जाऊन बघा. फ्लँजची चकती हबला, म्हणजे मधल्या जाड गळ्याला, मिळते त्या वळणावर, जिथं ड्रॉइंगमध्ये त्रिज्या दिलेली असते आणि टूल झिजलं की ती त्रिज्या हळूच कमी होते. फेस चकचकीत असला तरी भेग तिथनं सुरू होते. त्रिज्येचा गेज नसेल तर उद्याच आणा, शे-दोनशेचा असतो.